शीत आणि पंगत

एखादी नवी वस्तू निर्माण झाली म्हणजे तिच्यासंबंधी आपण सहसा दोन प्रश्न विचारतो. ती चांगली आहे काय, आणि तिची किंमत काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण शास्त्रज्ञाकडे मागतो, दुसऱ्याचे बाजाराकडे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, आणि तो विचारणारा मनुष्य क्वचितच भेटतो. ती वस्तू किती लोकांच्या हाती, किती वेगाने द्यावी? एकाच दिवशी सर्वांना द्यावी, की आधी थोड्यांना, मग अधिकांना, अशा क्रमाने द्यावी? वरवर पाहता हा केवळ सोयीचा, फार तर व्यवहारचातुर्याचा प्रश्न दिसतो. कारखानदाराने आपला माल केव्हा व किती बाहेर काढावा हे त्याने आपल्या खतावण्या पाहून ठरवावे. त्यात नीतीचा संबंध कोठे आला, असे पुष्कळांस वाटेल. परंतु ज्या वस्तूचा दोष विकणाऱ्याच्या तिजोरीवर न पडता घेणाऱ्याच्या अंगावर पडतो, त्या वस्तूच्या बाबतीत प्रसाराचा वेग हा व्यापाराचा विषय राहत नाही. तो कर्तव्याचा विषय होतो. प्रस्तुत लेखात हेच दाखविण्याचा व त्या कर्तव्याचे काही माप सांगता येते काय, हे पाहण्याचा यत्न केला आहे.

क्रमाच्या बाजूचा युक्तिवाद आपल्या स्वयंपाकघरात फार पूर्वीपासून रूढ आहे. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण कोणास ठाऊक नाही? भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी सारे पातेले उपसावे लागत नाही. एक शीत बोटांनी दाबले की पुरते. या लहानशा म्हणीत तर्कशास्त्र आहे, कारण थोड्यावरून पुष्कळाचे अनुमान कसे करावे हे ती सांगते. तिच्यात नीतीही आहे. चूक व्हावयाचीच असेल तर ती एका शितापुरती व्हावी, पंगतीपर्यंत पोहोचू नये, असा तिचा भाव आहे. मात्र या म्हणीला एक अट आहे, आणि ती इतकी उघड आहे की ती बोलून दाखविण्याची गरज कोणालाच वाटली नाही. शीत ज्या भांड्यातले, परीक्षा त्याच भांड्यातील भाताची. एका चुलीवरचे शीत दाबून दुसऱ्या चुलीवरचा भात वाढावयास घेणारी गृहिणी कोणी पाहिली नसेल. विसाव्या शतकात मात्र मोठमोठ्या विद्वानांच्या हातून नेमके हेच घडले, आणि ते वाईट हेतूने नव्हे, तर मुलांविषयीच्या कळवळ्याने घडले. म्हणूनच ती हकीकत विचार करण्याजोगी आहे.

पोलिओ हा मुलांना पांगळे करणारा रोग. १९५२ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याचे सुमारे ५८ हजार रुग्ण नोंदले गेले व तीन हजारांहून अधिक दगावले. उन्हाळा आला की तेथील आईबाप मुलांना पोहण्याच्या तलावांवर व गर्दीच्या ठिकाणी पाठवीनासे होत. अशा काळात पिट्सबर्ग येथील जोनस साल्क यांनी या रोगाचे विषाणू फॉर्मॅल्डिहाइडने निर्जीव करून त्यांची लस तयार केली. १९५३ साली त्यांनी ती स्वतःला, पत्नीला व आपल्या तिन्ही मुलांना टोचली. पुढे १९५४ च्या एप्रिलात तिची प्रचंड प्रमाणावर परीक्षा सुरू झाली व १८ लाखांच्या आसपास शाळकरी मुले तीत सामील झाली. काहींना लस मिळाली, काहींना नुसतेच निरुपद्रवी द्रव्य टोचले गेले, आणि काहींवर केवळ लक्ष ठेवण्यात आले. १२ एप्रिल १९५५ रोजी मिशिगन विद्यापीठात टॉमस फ्रान्सिस यांनी या परीक्षेचा निकाल जाहीर केला. लस निर्धोक व गुणकारी ठरली होती. गावोगाव चर्चच्या घंटा वाजल्या. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाच कंपन्यांना लस विकण्याचे परवाने मिळाले; परवाने द्यावे की न द्यावे याचा विचार करण्यास तज्ज्ञांच्या समितीला दोन-अडीच तासांहून अधिक अवधी लाभला नाही. लागलीच देशभर टोचणी सुरू झाली.

पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ज्या हाताला वा पायाला लस टोचली होती तोच अवयव लुळा पडल्याच्या वार्ता येऊ लागल्या. कॅलिफोर्नियातील कटर नावाच्या कंपनीच्या काही घाण्यांतील विषाणू मेलेलेच नव्हते. २७ एप्रिलला त्या कंपनीची लस परत मागविण्यात आली व ७ मे रोजी साऱ्या देशातील टोचणी थांबविण्यात आली. तोवर सुमारे ४० हजार मुलांना पोलिओची सौम्य बाधा झाली होती. दीडशेहून अधिक माणसे पांगळी झाली व १० दगावली. त्यांत टोचलेल्या मुलांच्या संसर्गाने आजारी पडलेली घरची व शेजारपाजारची माणसेही होती. म्हणजे ज्यांनी लस घेतलीच नव्हती, त्यांनाही तिचा प्रसाद मिळाला.

आता येथे चूक कोठे झाली, हे बारकाईने पाहिले पाहिजे. परीक्षा झाली नव्हती, असे कोणासही म्हणता येणार नाही. इतकी मोठी परीक्षा त्यापूर्वी कोणत्याही लसीची झाली नव्हती. पण परीक्षेसाठी वापरलेला प्रत्येक घाणा तीन ठिकाणी तपासला जात असे: करणाऱ्याकडे, साल्क यांच्या प्रयोगशाळेत व सरकारी प्रयोगशाळेत. परवाना मिळाल्यावर ही तिहेरी तपासणी सुटली आणि करणाऱ्याने पाठविलेले तपासणीचे कागदच पुरेसे मानले गेले. शिवाय कटर कंपनीची लस त्या मोठ्या परीक्षेत वापरलीच गेली नव्हती. ज्या भांड्यातले शीत दाबून पाहिले ते भांडे वेगळे होते व पंगतीत जो भात वाढला गेला त्याच्या काही भागाचे भांडे वेगळे होते. एक चांगली वस्तू सावकाश, थोड्या प्रमाणात व सर्वांच्या डोळ्यांदेखत तयार करता येते, एवढेच त्या परीक्षेने सिद्ध केले होते. तीच वस्तू घाईने, पुष्कळ प्रमाणात व बंद दाराआड तयार होताना तशीच राहते किंवा नाही, हे सिद्ध व्हावयाचे होते. वस्तू आणि वस्तू बनविण्याची रीत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांच्या हाती पडते ती दुसरीतून निघालेली पहिली.

या प्रकरणातील आणखी एक गोष्ट मनाला टोचणारी आहे. सरकारी प्रयोगशाळेतील बर्निस एडी या विदुषींना १९५४ सालीच असे आढळून आले होते की, कटर कंपनीच्या लसीचे काही नमुने टोचल्यावर माकडे लुळी पडतात. त्यांनी तसे वरिष्ठांना कळविलेही. परंतु त्या इशाऱ्याकडे लक्ष दिले गेले नाही. वाट पाहण्यासाठी नुसता काळ हाती असून भागत नाही, ऐकणारा कानही लागतो. सारा देश ज्या दिवसाची वाट पाहत असतो त्या दिवसाच्या आड येणाऱ्या एका आवाजाला किती महत्त्व मिळणार? ‘एकदम सर्वांना’ या कल्पनेचा हा एक छुपा दुर्गुण आहे. ती जितकी भव्य, तितके तिच्या तयारीत शंका बोलून दाखविणे कठीण होते.

पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले. १९५८ साली कॅलिफोर्नियातील ज्यूरीने असा निर्णय दिला की, कंपनीने निष्काळजीपणा केला हे सिद्ध होत नाही. तथापि वस्तू विकताना ती उपयोगास योग्य असल्याची जी अध्याहृत हमी विकणारा देत असतो ती मोडली गेली आहे, सबब कंपनीने भरपाई द्यावी. या निर्णयाच्या कायदेशीर बाजूविषयी वकिलांनी पुष्कळ लिहिले आहे. मला तो नीतिदृष्ट्या फार अर्थपूर्ण वाटतो. मी जाणूनबुजून काही वाईट केले नाही, हे म्हणणे खरे असूनही अपुरे पडावे, अशा काही परिस्थिती असतात. लक्षावधी लोकांच्या दंडात सुई टोचण्याचा अधिकार ज्याने मागून घेतला, त्याच्यावर सद्हेतूच्या पलीकडचे दायित्व येते.

येथे एक आक्षेप घेण्यात येईल, आणि तो हलका नाही. आक्षेपक म्हणेल, तुम्ही घाईने पांगळी झालेली मुले मोजता. विलंबाने पांगळी होणारी मुले का मोजीत नाही? लस वर्षभर कपाटात ठेवली असती तर त्या वर्षातील रोगाचे बळी कोणाच्या नावावर मांडावयाचे होते? दोष दुरुस्त होताच टोचणी पुन्हा सुरू झाली आणि १९६१ पर्यंत त्या देशातील रुग्णांचा वार्षिक आकडा दीड हजारांच्या आत आला, हे खरे नाही काय?

हे सर्व खरे आहे. आणि जो मनुष्य विलंबाला फुकटचा समजतो त्याने या प्रश्नावर बोलूच नये. घाईची हानी डोळ्यांना दिसते, तिला नाव व चेहरा असतो, ती वृत्तपत्रांत येते. विलंबाची हानी रोगाच्या खाती पडते व कोणी तिचा जाब विचारीत नाही. पण न्यायबुद्धीने पाहावयाचे तर या हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. विलंबाने जे वाचतात तेही असेच अदृश्य असतात. थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध १९५७ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीत विक्रीस आले. ते इतके निरुपद्रवी मानले गेले की वैद्याच्या चिठ्ठीवाचून मिळत असे. गरोदर स्त्रियांनी ते घेतले, आणि १९६१ च्या नोव्हेंबरअखेर ते तेथील बाजारातून काढून घेतले जाईपर्यंत निरनिराळ्या देशांत मिळून हजारो मुले हातपाय खुरटलेली अशी जन्मास आली वा येऊ घातली होती. अमेरिकेत त्याच औषधाचा अर्ज १९६० साली फ्रान्सेस केल्सी या अधिकारी स्त्रीकडे आला. कंपनी पुनःपुन्हा तगादा लावीत असता त्यांनी दर वेळी आणखी पुरावा मागितला व परवाना दिला नाही. त्यांच्या त्या नकारामुळे धडधाकट जन्मलेली मुले कोणती, हे कोणालाही दाखविता येणार नाही.

तेव्हा घाई वाईट की विलंब वाईट, असा प्रश्न मांडणेच चुकीचे आहे. घाईही मारते, विलंबही मारतो. खरा प्रश्न असा की, घाई कोठवर करावी, हे ठरविण्याचे काही माप आहे काय? माझ्या मते आहे, आणि ते वरील दोन्ही उदाहरणांतच दडलेले आहे. प्रत्येक वस्तूचा दोष प्रकट होण्यास काही ठराविक काळ लागतो. सदोष लसीतील जिवंत विषाणू एक-दोन आठवड्यांत आपले रूप दाखवितो. गर्भावर परिणाम करणारे औषध नऊ महिने मौन पाळते. वस्तूचा प्रसार तिच्या दोषाच्या प्रकटीकरणाहून अधिक वेगाने होऊ देऊ नये, हे ते माप होय. १९५५ च्या एप्रिलात ‘आज सर्वांना’ किंवा ‘पुढल्या वर्षी’ एवढे दोनच मार्ग होते, असे नाही. प्रत्येक कारखान्याचे पहिले घाणे एकेका मर्यादित भागात देऊन तीन-चार आठवडे वाट पाहिली असती, तर उन्हाळ्याचा ऐन हंगाम चुकला नसता आणि संकट त्या भागापुरतेच राहिले असते. जो दोष शंभर माणसांत दिसण्याजोगा असतो तोच लाख माणसांतही दिसणार. लाख माणसांना देण्याने तो लवकर दिसत नाही, फक्त महाग पडतो.

परंतु क्रमाने देण्याचा मार्गही निष्पाप नाही, हे क्रमाच्या पुरस्कर्त्यांनी विसरू नये. आधी थोड्यांना द्यावयाचे म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो: ते थोडे कोण? शिताला बोटांनी दाबताना आपण त्याची संमती विचारीत नाही. पण माणूस हे शीत नव्हे. साल्क यांनी स्वतःच्या मुलांना लस टोचली हे वर सांगितलेच आहे. पण त्यापूर्वी १९५२ साली त्यांचे पहिले प्रयोग झाले ते अपंग मुलांच्या एका आश्रमात व मंदबुद्धी मुलांच्या एका सरकारी संस्थेत. दुसऱ्या संस्थेतील मुलांना आपणावर काय होत आहे हे समजण्याचीही शक्ती नव्हती.

आपल्या मुंबईचे उदाहरणही असेच दुहेरी आहे. १८९६ साली प्लेग आला असता वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळ येथील संस्थेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले ते योग्यच झाले. पण त्यांच्यानंतर मोठ्या समूहावर पहिली परीक्षा झाली ती भायखळ्याच्या तुरुंगात. तेथे प्लेग शिरला होता, आणि जे कैदी टोचून घेण्यास पुढे आले त्यांना टोचण्यात आले, हे खरे. परंतु गजाआडच्या मनुष्याची ‘होय’ आणि मोकळ्या मनुष्याची ‘होय’ या एकाच वजनाच्या मानता येत नाहीत.

आपल्याकडील पंगतीचा शिष्टाचार असा की, यजमानाने सर्वांच्या मागून जेवावे. नव्या वस्तूच्या पंगतीत हा शिष्टाचार उलटा केला पाहिजे. तेथे पहिले पान यजमानाचे असावे. त्याच्या शेजारी जे बसतील ते समजून-उमजून बसलेले असावेत. तुरुंगातील, अनाथालयातील किंवा दूरच्या गरीब मुलखातील मनुष्याला केवळ तो नाही म्हणू शकत नाही एवढ्याचसाठी पहिल्या पंगतीस बसविणे हा अधर्म होय. हाफकिन यांनी पहिली अट पाळली, साल्क यांनीही ती उशिरा का होईना पाळली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. दुसरी अट त्यांच्या काळात पुरतेपणी कोणीच पाळली नाही.

असो. आता एकदम सर्वांना देणे हेच जेथे योग्य, अशी स्थळेही आहेत; ती न सांगितल्यास विवेचन एकांगी होईल. ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता स्वीडन देशातील सर्व वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूस गेली. हा बदल क्रमाने करा, आधी मालमोटारी व महिन्याने मोटारी, असे कोणी म्हटले असते तर त्याची शहाण्यांत गणना झाली नसती. जेथे अर्धवटपणा हाच धोका असतो, तेथे क्रम घातक ठरतो. पोलिओचेच दुसरे उदाहरण घ्या. ९ डिसेंबर १९९५ रोजी आपल्या देशभर एकाच दिवशी लहान मुलांना तोंडाने घ्यावयाच्या लसीचे थेंब देण्यात आले, आणि पुढे वर्षानुवर्षे असे दिवस पाळले गेले. गावोगावच्या अंगणवाड्यांतून, एस. टी. च्या स्थानकांवरून, आगगाडीच्या फलाटांवरून थेंब पाजले गेले. ज्यांच्या घरी त्या काळात तान्ही मुले होती त्यांना करंगळीच्या नखावर काढलेली शाईची खूण आठवत असेल. एकाच दिवशी देण्यात हेतू हा की, रोगाच्या विषाणूला वस्ती करण्यास कोठे जागाच उरू नये. याचे फळ असे की, १३ जानेवारी २०११ नंतर भारतात या रोगाच्या मूळ विषाणूचा एकही रुग्ण आढळला नाही.

एकाच रोगावरच्या दोन लसी. एकीच्या बाबतीत ‘एकदम’ हा अपराध ठरला, दुसरीच्या बाबतीत तोच धर्म ठरला. यात विसंगती आहे काय? मुळीच नाही. १९९५ साली दिलेले थेंब नवे नव्हते. तीस वर्षांहून अधिक काळ ते निरनिराळ्या देशांत वापरात होते, आणि त्यांचा दोषही, म्हणजे लाखो मात्रांमागे एखाद्याला त्यांपासूनच बाधा होण्याचा संभव, जाणत्यांना ठाऊक होता. दोष प्रकट होण्याचा काळ केव्हाच संपला होता. मग प्रसाराला वेगाची मर्यादा घालण्याचे कारण राहिले नाही. वर सांगितलेले माप येथेही जसेच्या तसे लागू पडते.

अलीकडच्या काळात या प्रश्नाने नवे रूप घेतले आहे. पूर्वी वस्तू गाडीने, गलबताने जाई. तिच्या मंदगतीमुळे क्रम आपोआपच पाळला जाई. संगणकाची आज्ञावली मात्र एका क्षणात पृथ्वीभर पोहोचते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक आज्ञावलीतील एक लहानशी दुरुस्ती जगभर एकदम पाठविली. ती सदोष होती. ७८ मिनिटांत कंपनीने ती मागे घेतली. परंतु तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, ८५ लाख संगणक बंद पडले होते. विमाने जमिनीवर राहिली, इस्पितळांची व बँकांची कामे खोळंबली, आणि आपल्या देशातील विमानतळांवर काही प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवासपत्र देण्याची पाळी आली. पाठविलेली आज्ञा परत घेता आली, पण तिचा परिणाम परत घेता येईना. कारण बंद पडलेल्या संगणकांपैकी पुष्कळांजवळ माणसाला स्वतः जाऊन ते पूर्ववत करावे लागले. विशेष हे की, हा दोष प्रकट होण्यास आठवडे किंवा महिने लागणार नव्हते, तो तत्काळ दिसत होता. आधी थोड्या संगणकांना पाठवून घटकाभर थांबणे एवढाच विलंब पुरेसा होता. त्यानंतर कंपनीने टप्प्याटप्प्याने पाठविण्याची पद्धत स्वीकारल्याचे जाहीर केले. जिथे वाट पाहण्याची किंमत एका घटकेची होती तिथेही ती पाहिली गेली नाही, यावरून ‘एकदम’ या शब्दाची मोहिनी केवढी आहे हे ध्यानात येते.

याहून कठीण प्रश्न आहे तो ज्या वस्तूंचा दोष शरीरात किंवा यंत्रात प्रकट न होता मनाच्या सवयींत प्रकट होतो, त्यांचा. मनुष्याप्रमाणे मजकूर लिहिणारे जीपीटी-२ नावाचे यंत्र ओपनएआय या संस्थेने २०१९ च्या फेब्रुवारीत तयार असल्याचे सांगितले. परंतु दुरुपयोगाच्या भीतीने त्याचे आधी लहान रूप दिले, व टप्प्याटप्प्याने नोव्हेंबरात संपूर्ण रूप खुले केले. त्याच संस्थेने ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हे त्याहून पुष्कळ समर्थ साधन मात्र सर्वांना एकदम खुले केले, आणि पाच दिवसांत ते वापरणाऱ्यांची संख्या १० लाखांवर गेली. या साधनाचे उपयोग मी नाकारीत नाही. पण विद्यार्थ्याने निबंध स्वतः लिहिण्याचे श्रम सोडून दिले, तर त्याच्या विचारशक्तीचे काय होते, हे पाच दिवसांत कळणारे नाही; ते एक पिढी शिकून बाहेर पडेल तेव्हा कळेल. येथे दोषाच्या प्रकटीकरणाचा काळ वर्षांनी मोजावयाचा आहे आणि प्रसाराचा काळ दिवसांनी मोजला गेला आहे. शिवाय लसीचा घाणा परत मागविता येतो, सवय परत मागविता येत नाही.

तात्पर्य, नवी वस्तू लोकांसमोर मांडणाऱ्याला तीन प्रश्नांची उत्तरे देता आली पाहिजेत. या वस्तूचा दोष प्रकट होण्यास किती काळ लागेल, व तेवढा काळ तू थांबला आहेस काय? तो प्रकट झाल्यावर वस्तू परत घेण्याची वाट तू मोकळी ठेवली आहेस काय? आणि पहिल्या पंगतीत तू स्वतः बसला आहेस काय? ज्याची उत्तरे समाधानकारक आहेत त्याने खुशाल सर्वांना एकदम द्यावे. त्याला विलंबाचा दोष लागू नये, घाईचाही लागू नये.

परंतु सारे कर्तव्य देणाऱ्याच्याच माथी मारून आपण घेणारे मोकळे होऊ शकत नाही. १९५५ च्या एप्रिलात त्या समितीला दोन-अडीच तासच का मिळाले? कारण बाहेर लाखो आईबाप दाराशी उभे होते. त्यांचे उभे राहणे स्वाभाविक होते, त्यांची मुले धोक्यात होती. आपण आज ज्या वस्तूंसाठी दाराशी गर्दी करतो त्यांतील कितींच्या मागे असा जिवाचा प्रश्न असतो? शेजाऱ्याच्या मुलाकडे आहे म्हणून आपल्या मुलाच्या हाती नवे यंत्र हवे, आणि तेही आजच हवे, या आपल्या अधीरतेवरच एकदम देणाऱ्यांचा धंदा चालतो. जेथे दुखणे दाराशी येऊन ठेपले आहे तेथे, समजून-उमजून, पहिल्या पंगतीस बसण्याचे धैर्य आपल्यापैकी काहींनी दाखविले पाहिजे. त्यावाचून कोणतीही लस कोणाच्याच उपयोगी पडणार नाही. जेथे तसे काही नाही, तेथे दुसऱ्या किंवा तिसऱ्या पंगतीपर्यंत थांबल्याने आपल्या घराचे काही उणे होत नाही. आणि आपणाआधी जे पहिल्या पंगतीस बसले ते कोण होते व का बसले, एवढी चौकशी पान वाढून घेण्यापूर्वी करण्यास वेळही फार लागत नाही.